डीईआय गेलं, कुसळ राहिलं: ऑफिसातल्या भेदभावाची भानगड नक्की काय आहे

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दरवर्षी मार्चच्या आत भेदभाव टाळायचं, म्हणजे डीईआयचं, एक ऑनलाइन ट्रेनिंग संपवावं लागायचं. त्यात कार्टूनसारखी माणसं मीटिंगमध्ये एकमेकांना काहीतरी लागट बोलायची आणि आपण योग्य की अयोग्य यावर टिक करायची. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच आवाज बंद करून, दुसऱ्या विंडोत काम करता करता नेक्स्ट नेक्स्ट दाबायचो. २०२५ मध्ये अमेरिकेत सरकार बदललं आणि काही दिवसांनी ते ट्रेनिंग पोर्टलवरून गुपचूप गायबच झालं.

टपरीवर विषय निघाला. एक जण म्हणाला बरं झालं ब्याद गेली, काळ्या-गोऱ्यांचं लफडं त्यांचं, आपण इथे बसून कशाला शिकायचं. सगळे हसले, मी पण हसलो. टीममधली नागालँडची एक मुलगी शेजारीच कटिंग घेऊन उभी होती, आमचं मराठीत चाललेलं त्यामुळे तिला काही कळत नसणार असं आम्ही परस्पर गृहीत धरलेलं. ती शांतपणे म्हणाली, "मला कळतं हां मराठी. सहा वर्षं झाली पुण्यात."

त्यानंतर जी शांतता पसरली ती माझ्या डोक्यातून जाईना म्हणून हे सगळं जरा नीट वाचून काढलं. बऱ्याच जणांच्या मनात असलेले प्रश्न माझ्याही मनात होते, ते एकेक करून घेतो.

आधी हे डीईआय म्हणजे काय ते

डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन. तीन जड शब्द, पण आपली लाल एसटी डोळ्यापुढे आणली की सोपं होतं. गाडीत कोण कोण बसलंय, सगळ्या गावातली, सगळ्या वाड्यावस्त्यांवरची माणसं आहेत का, ही झाली डायव्हर्सिटी. पायरी उंच आहे, म्हातारीला चढता येत नाही, कंडक्टर खाली उतरून हात देतो, ही इक्विटी, म्हणजे तिकीट सगळ्यांना सारखंच पण चढायला ज्याला जेवढी मदत लागते तेवढी द्यायची. आणि चढल्यावर कोणी "सरकून घ्या हो जरा" म्हणतं का, की तिघांच्या सीटवर दोघं पाय फाकवून खिडकीबाहेर बघत बसतात, ते इन्क्लूजन.

अमेरिकेत या गोष्टी आधीपासून होत्याच, पण २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी धडाधड डीईआयचे विभाग उघडले, अधिकारी नेमले, आकडे जाहीर केले. त्याची शेपूट म्हणून ते ट्रेनिंग पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत आमच्यापर्यंत आलं. मग जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि पहिल्या दोन दिवसातच त्यांनी सरकारी खात्यांमधलं डीईआय बंद करायचे आदेश काढले. सरकारी कंत्राटदार कंपन्यांना समान संधीसाठी खास पावलं उचलायला लावणारा १९६५ सालचा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा आदेशही त्यात रद्द झाला.

म्हणजे आता भेदभाव करायला मोकळीक?

नाही, आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. डीईआय हा कंपन्यांचा आणि सरकारचा कार्यक्रम होता. कायदा वेगळी गोष्ट आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा तसाच्या तसा जागेवर आहे, त्यातलं नोकरीबद्दलचं प्रकरण सांगतं की वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यावरून कोणाला नोकरी नाकारायची नाही, पगारात, बढतीत फरक करायचा नाही. तक्रार करायला वेगळा आयोगसुद्धा आहे. आपली जी मुलं तिकडे नोकरी करतात त्यांचं संरक्षण याच "मूळ देश" आणि "रंग" या शब्दांत आहे, हे टपरीवर हसणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे, मला तरी नव्हतं. मी न्यू जर्सीत दीड वर्षं काढली तेव्हा माझं नाव घ्यायला जीभ वळत नाही म्हणून क्लायंटच्या मॅनेजरने दुसऱ्या दिवशीच परस्पर सॅम करून टाकलेलं, आणि मी ते हसत हसत चालवून घेतलं, घरी फोनवर किस्सा म्हणून सांगितलं पण.

एवढ्या तेवढ्याला काय भेदभाव म्हणायचं?

आता मुख्य मुद्दा. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काहीतरी मोठं भयंकर येतं, तोंडावर पांढरे बुरखे घातलेली अमेरिकेतली वर्णद्वेषी माणसं, "इथे अमक्यांना प्रवेश नाही" अशी पाटी. ऑफिसात असं काही दिसत नाही, मग आपण म्हणतो आमच्याकडे नाही बाबा असलं काही.

१९७० मध्ये चेस्टर पिअर्स नावाच्या हार्वर्डच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने, ते स्वतः ब्लॅक होते, (कृष्णवर्णीय हा आपला पेपरातला शब्द, ती माणसं स्वतःला ब्लॅक म्हणवतात म्हणून मी तेच लिहितोय), या बारीकसारीक अपमानांसाठी एक शब्द काढला, मायक्रोअॅग्रेशन. शब्द अवघड आहे, मी याला कुसळ म्हणतो. माळावरच्या गवतातून चालून आलं की पॅंटला, मोज्यात कुसळं शिरतात बघा. एक टोचलं म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, सांगायला गेलं तर लोक म्हणतील एवढ्याने काय होतंय. पण तेच मोजे घालून दिवसभर चाला, आणि रोज चाला.

ऑफिसातलं कुसळ म्हणजे काय, तर "तू इंग्लिश किती छान बोलतेस" हे तिथेच जन्मलेल्या मुलीला म्हणणं. "तू मूळची कुठली, नाही नाही, खरी खरी कुठली?" ब्लॅक बाईच्या केसांना न विचारता हात लावून बघणं. मीटिंगमध्ये एकाने मांडलेली कल्पना कोणी ऐकलीच नाही आणि दहा मिनिटांनी दुसऱ्याने तीच मांडली की वा वा. सुटाबुटातल्या इंजिनिअरला प्रोजेक्टर दुरुस्त करायला आलेला माणूस समजणं. यातलं कुठलंच एकटं धरलं तर कोर्टात टिकणार नाही, अमेरिकन कायद्यातही ऑफिसातलं वातावरण छळाचं आहे असं म्हणायला वागणं एकतर गंभीर लागतं नाहीतर पुन्हा पुन्हा घडणारं, व्यापलेलं लागतं. म्हणजे कुसळं मोजावी लागतात. आणि मोजून ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो? खुनशी. सगळं मनात ठेवतो. सेन्सिटिव्ह आहे जरा.

"अहो पण माझ्या मनात तसं काही नव्हतं"

हा सगळ्यात जास्त येणारा आक्षेप, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. मनात नसतंच. नवीन घरात राहायला गेल्यावर महिनाभर आपला हात जुन्या घरातल्या बटणाच्या जागी जातो, भिंत चाचपतो, तसंच हे. हात मुद्दाम चुकत नाही, सवयीने जातो. या सवयीला अव्यक्त पूर्वग्रह म्हणतात, यावर १९९५ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांचा पेपर आला आणि तिथून ही कल्पना पसरली. त्यातल्या एक मेहजरीन बनाजी, मूळच्या आपल्या सिकंदराबादच्या. त्यांच्या गटाने कॉम्प्युटरवर पटापट बटणं दाबायची एक चाचणीही काढली जी खूप गाजली, पण त्या चाचणीतल्या गुणांवरून माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही अशी टीकाही दणकून झाली आणि ती मला पटते. मनात काय आहे ते मोजायच्या भानगडीत पडूच नये.

त्यापेक्षा पॉशचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं बघा. २०१३ च्या कायद्यानंतर प्रत्येक ऑफिसात पॉशचं ट्रेनिंग झालं, कमिटी आली. त्या कायद्याने एक साधी गोष्ट केली, "मी गंमत केली" हे उत्तर काढून घेतलं. समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, हा प्रश्न पुढे आणला. पंधरा वर्षांपूर्वी जे जोक आमच्या फ्लोअरवर सर्रास चालायचे ते आज कोणी बोलत नाही, आणि कोणाचं हसणं काही बंद पडलेलं नाही. वंशाच्या, रंगाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायचा आहे. पायावर पाय पडला तर आपण आधी पाय उचलतो, सॉरी म्हणतो, मग मुद्दाम दिला नव्हता वगैरे. पाय तसाच ठेवून हेतूवर भाषण देत नाही.

नुसत्या नावाने काय फरक पडतो?

टोमण्यांचं सोडा, आता नोकरी मिळण्याचं बघू. २००४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बॉस्टन आणि शिकागोच्या पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना जवळपास ५,००० खोटे बायोडाटा पाठवले होते. शिक्षण, अनुभव सारख्याच दर्जाचे, फक्त काहींवर एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं आणि काहींवर लकीशा, जमाल अशी ब्लॅक वाटणारी. गोऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक फोन आला, ब्लॅक नावाला १५ मागे एक.

हे वाचून आपण अमेरिकेला नावं ठेवणार तेवढ्यात २००७ चा आपला अभ्यास समोर येतो. आपल्या अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हाच प्रयोग भारतातल्या खासगी कंपन्यांवर केला, सुमारे ४,८०० अर्ज, एकाच जाहिरातीला उच्चवर्णीय आडनाव, दलित आडनाव आणि मुस्लिम नाव, पात्रता तीच. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. म्हणजे तिकडे जे पहिल्या नावावरून कळतं ते आपल्याकडे आडनावावरून, "पूर्ण नाव काय तुमचं?" हा प्रश्न आपण उगाच विचारत नाही.

"नियम तर सगळ्यांना सारखाच आहे ना?"

इथे एक खटला सांगायलाच हवा, कारण त्यात आपली लहानपणची गोष्ट आहे. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीच्या एका केंद्रात ब्लॅक कामगारांना फक्त लेबर विभागात घ्यायचे, आणि त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी. १९६५ च्या जुलैत १९६४ चा तो कायदा लागू झाला, उघड बंदी घालता येईना. कंपनीने काय केलं, चांगल्या विभागांसाठी हायस्कूल पास आणि दोन लेखी चाचण्या अशी अट घातली. अट सगळ्यांना सारखी. पण वेगळ्या आणि हलक्या दर्जाच्या शाळांत शिकलेल्या ब्लॅक कामगारांना ती ओलांडता येईना, आणि गंमत म्हणजे अटीच्या आधी लागलेले बिनहायस्कूलचे गोरे कामगार त्याच जागांवर व्यवस्थित काम करत होते, म्हणजे कामासाठी ती अट लागतच नव्हती.

१९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कंपनीच्या विरोधात निकाल दिला आणि निकालपत्रात चक्क कोल्हा आणि करकोच्याच्या गोष्टीचा दाखला दिला. करकोच्याला उथळ ताट, कोल्ह्याला निमुळत्या तोंडाची सुरई. जेवण दोघांनाही दिलं म्हणजे न्याय झाला असं नाही, भांडं कसं आहे ते बघा. कंपनीचा हेतू चांगला असला तरी परिणाम एका गटावर पडत असेल आणि अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल तर ती अट चालणार नाही. हे तत्त्व १९९१ मध्ये कायद्यातही लिहिलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सरकारी यंत्रणेला या तत्त्वाचा पाठपुरावा कमी करायला सांगितलं, पण कायद्यातलं कलम आदेशाने पुसता येत नाही, कामगार स्वतः कोर्टात जाऊ शकतो.

अर्थात कोर्ट प्रत्येक वेळी भांडं बघतंच असं नाही. २०१० मध्ये अलाबामात एका ब्लॅक तरुणीला कॉल सेंटरची नोकरी मिळालेली, केसांच्या जटांसारख्या वेण्या काप तरच ये असं सांगितलं, तिने नाही म्हटलं, नोकरी गेली. २०१६ मध्ये अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण केशरचना बदलता येते, वंश नाही. मग २०१९ पासून कॅलिफोर्नियापासून सुरुवात करून एकेका राज्याने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारे कायदे केले. "प्रोफेशनल दिसणं" म्हणजे कोणासारखं दिसणं, एवढाच प्रश्न होता. आपल्याकडे इंटरव्ह्यूला केसांना तेल लावून आलेला मुलगा पॅनेलवाल्यांना लगेच गावाकडचा वाटतो की नाही? आणि "पाणी"चं "पानी" केलं तर?

मग मेरिटचं काय? आणि उलटा अन्याय?

मेरिट हवंच. पण वरचे बायोडाटाचे प्रयोग मेरिटबद्दलच आहेत, कागद सारखाच असताना फोन कमी आले म्हणजे मेरिट कोणी मारलं? पूर्वग्रहाने. मेरिटवाल्यांनी तर सगळ्यात आधी यावर चिडायला पाहिजे.

उलट्या अन्यायाची भीती अगदीच खोटी नाही. काही कंपन्यांनी आकडे गाठायच्या नादात बोनस आकड्यांना जोडले, माणसांची खोगीरभरती केली, त्यातून चीड वाढली. कायदा मात्र सगळ्यांना सारखाच आहे, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या माणसाने भेदभावाची तक्रार केली तर त्याच्याकडे जादा पुरावा मागायचा नाही. ठीकच आहे.

त्या ट्रेनिंगने फरक पडायचा का?

फारसा नाही. २०१८ मध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या दुकानात मीटिंगसाठी थांबलेल्या दोन ब्लॅक माणसांना पोलीस बोलावून अटक करवली गेली, बोंबाबोंब झाली, मग कंपनीने २९ मे रोजी अमेरिकेतली ८,००० च्या वर दुकानं अर्धा दिवस बंद ठेवून सगळ्यांना ट्रेनिंग दिलं. दिसायला जोरात. पण समाजशास्त्रज्ञांनी कंपन्यांचे बऱ्याच वर्षांचे आकडे तपासले तर सक्तीच्या ट्रेनिंगनंतर वरच्या पदांवरची विविधता फारशी वाढलेली दिसत नाही, उलट कधी कधी लोक वैतागून हट्टाला पेटतात. माझा अनुभव तोच, नेक्स्ट नेक्स्ट.

पद्धत बदलली की मात्र फरक पडतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १०८ बड्या कंपन्यांना सुमारे ८३,००० अर्ज पाठवून बघितलं. ब्लॅक नावांना सरासरी फोन कमीच आले, पण सगळ्या कंपन्या सारख्या नव्हत्या, नावामुळे हुकलेल्या फोनांपैकी जवळपास निम्मे फक्त एक पंचमांश कंपन्यांच्या वाट्याचे होते. माणसं सगळीकडे तीच, पूर्वग्रह सगळ्यांनाच असणार, तरी काही ठिकाणी फरक जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे प्रत्येकाचं मन धुवून काढायची गरज नाही, बायोडाटा कोण वाचतो, कशावर निवडतो, त्याला कोणी विचारणारं आहे का, यावर बरंच अवलंबून आहे.

हे सगळं ठीक, पण आपल्याला काय?

१८७३ मध्ये जोतिबा फुल्यांनी गुलामगिरी लिहिलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला मदत केली. पुण्यात बसून, इंटरनेट नसताना, त्यांना तिकडचं आणि इकडचं दुखणं एकच दिसलं. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून येऊन बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे, शहरात राहायला जागा मिळेना, शेवटी नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. ऑफिसातला भेदभाव आपण अमेरिकेकडून आयात केलेला नाही.

आणि आजचं म्हणाल तर ईशान्येच्या मुलांना विचारा. कुठून आलात, चायनाहून का, पासपोर्ट आहे का, तुमच्याकडे कुत्रं खातात ना, डब्याला वास येतो तिकडे बसून खा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा केसांवरून, दिसण्यावरून झालेल्या टिंगलीनंतरच्या मारहाणीत जीव गेला, मग बेझबरुआ समिती नेमली, तिने त्याच वर्षी कायद्यात बदल सुचवले. संविधानाची कलमं १५ आणि १६ वंशावरून भेदभावाला मनाई करतात, पण ती मुख्यतः सरकारवर बंधनकारक. अनुसूचित जमातीच्या माणसाचा चारचौघात तसा अपमान केला तर अॅट्रॉसिटी लागू शकते. खासगी ऑफिसातल्या वांशिक टोमण्यांसाठी पॉशसारखा स्वतंत्र कायदा आणि कमिटी मात्र आजही नाही, एचआरच्या मर्जीवर सगळं.

त्या मुलीला मी नंतर विचारलं, सहा वर्षांत तू कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, कोणाकोणाला आणि किती वेळा सांगणार दादा, काम पण करायचं असतं ना.

गेल्या महिन्यात पॅनेलवर होतो, फॉर्ममध्ये "कल्चर फिट", म्हणजे माणूस आपल्यात जुळेल का, असा एक कॉलम असतो, दहापैकी मार्क द्यायचे. याआधी शंभरेक तरी लोकांना मी त्यात मार्क दिले असतील, कशावरून दिले ते विचाराल तर सांगता येणार नाही, गप्पा बऱ्या झाल्या की आठ. या वेळी आम्ही तिघांनी तो कॉलम रिकामा ठेवला, पाच प्रश्न आधीच लिहून नेले, सगळ्यांना तेच विचारले, आणि मार्क एकमेकांना न दाखवता लिहिले. वेळ जास्त लागतो, चाळीस मिनिटांचा इंटरव्ह्यू तासावर गेला. एचआरची मेल आलीय, कॉलम रिकामा का म्हणून. अजून उत्तर दिलेलं नाही.